ठिपक्याआडच्या फायली

मागच्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याने कोडच्या फाइलमध्ये एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं आणि ती माझ्याकडे तपासायला पाठवली. उघडून बघतो तर गिटच्या मते फाइलमधली एकूण एक ओळ बदललेली! आधी सगळं लाल, खाली सगळं हिरवं, आणि तो एक शब्द सोडला तर मजकूर दोन्हीकडे तोच. अर्धा तास मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. फरक होता तो ओळ संपते तिथे.

टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं व्हायची. गाडा परत आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. अस्की संकेतावलीत या दोन कामांना दोन चिन्हं मिळाली, क्रमांक १३ आणि १०. विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्स-लिनक्सने नुसत्या १० वर भागवलं. सहकाऱ्याच्या विंडोजवरच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना प्रत्येक ओळीला हे जादा शेपूट चिकटवलं होतं. आपल्याला ते दिसत नाही, गिटला दिसतं.

लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिलं. कोणी, कधी, काय बदललं याची ही चोख वही. ती कशी चालवायची हे ठरतं साध्या मजकुराच्या काही फायलींवरून. त्यातल्या बऱ्याच फायलींचं नाव ठिपक्याने सुरू होतं, आणि लिनक्समध्ये अशा फायली यादीत सहसा दिसत नाहीत.

सेटिंगची एक फाइल असते अख्ख्या संगणकाची, दुसरी तुमच्या होम फोल्डरमधली, तिसरी त्या प्रोजेक्टच्या डॉट गिट फोल्डरमधली. गिट ती याच क्रमाने वाचतं आणि नंतर वाचलेलं खरं मानतं. आपल्याकडे शेवटचा शब्द आजोबांचा, इथे शेंडेफळाचा. म्हणून घरच्या प्रोजेक्टला एक ईमेल आणि ऑफिसच्या कामाला दुसरा ठेवता येतो. या फायलींत तुम्ही लिहिलेलं नाव खरं की खोटं, हे गिट तपासत नाही. मात्र प्रत्येक नोंदीचा चाळीस अंकाक्षरी ओळखक्रमांक काढताना ते नावही हिशेबात धरलेलं असतं. मागाहून नाव दुरुस्त केलं, तर त्या नोंदीचा आणि तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचा क्रमांक बदलतो.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती वेगळीच गोष्ट. प्रोजेक्ट क्लोन केला, म्हणजे त्याची प्रत उतरवून घेतली, की त्याचा इतिहास तुमच्याकडे येतो, पण मूळ मालकाची ती तिसरी फाइल येत नाही. सुरुवातीला याचा वैताग येतो, सगळं पुन्हा लिहा! पण कोणता एडिटर उघडायचा, कोणत्या टोपणनावामागे कोणती आज्ञा चालवायची, हे त्या फाइलमध्ये असतं. ती सोबत आली असती तर परक्याच्या आज्ञा तुमच्या संगणकावर चालल्या असत्या. एवढं करूनही एक फट राहिलीच होती. अनेकांच्या वापरातल्या संगणकावर वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कोणी डॉट गिट बनवून ठेवलं, तर गिट शोधत शोधत तिथे पोहोचायचं आणि त्यातलं सेटिंग मुकाट्याने मानायचं. एप्रिल २०२२ मध्ये ती बुजवली. आता फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर गिट अडून बसतं. भरवशाचा फोल्डर तुम्ही स्वतः नोंदवायचा. तिथे नुसती फुली टाकून सरसकट सगळ्यांना मोकळीक देणारे महाभाग आहेत. त्यांनी दाराला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवली म्हणायची.

प्रोजेक्टबरोबर प्रवास करतात त्या सगळ्यांच्या सामायिक फायली. डॉट गिटइग्नोर सांगते, कशाकडे दुर्लक्ष करायचं. यात नवखा हमखास फसतो. पासवर्डची फाइल एकदा नोंदली गेली की नंतर तिचं नाव इथे लिहून उपयोग नाही. गिट तिच्यावर लक्ष ठेवतच राहतं, आणि जुना पासवर्ड इतिहासात बसलेला असतो तो असतोच.

डॉट गिटअॅट्रिब्यूट्स ही दुसरी, आणि आमचं औषध हिच्यातच होतं. ओळींच्या शेपटाचा बंदोबस्त होम फोल्डरमधल्या फाइलमधूनही करता येतो, पण तो प्रत्येकाने आठवणीने करायला हवा, आणि सात जणांच्या टीममध्ये एक तरी विसरतोच. म्हणून सामायिक फाइलमध्ये एक ओळ टाकली. मजकुराच्या फायली नोंदवताना ओळीअखेर एकच चिन्ह ठेव, एवढाच तिचा अर्थ. सहकाऱ्याने फाइल पुन्हा नोंदवली. आता एक ओळ लाल, एक हिरवी.

सुधारलेलं स्पेलिंग मात्र अजूनही चुकलेलंच होतं.