गालिच्याची पाठ बघितलीय का?

परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत घाटनांदूर लागतं. समजा, तिथं एक लग्न आहे. मांडवात लालभडक कार्पेट, पंगतीला सतरंज्या आणि कुण्या आजोबांच्या खांद्यावर काळी घोंगडी. बसायला तिन्ही चालतील, पण तिन्हींची घडण अगदी वेगळी. ती ओळखायची कशी? वरून बघू नका, उलटून बघा!

आधी सतरंजी उलटा. जे वर, तेच खाली! कारण ती नुसती विणलेली असते. मागावर ताणून बांधलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्यांतून खाली-वर, खाली-वर करत आडवा जातो तो बाणा. हा बाणा जाड असतो. पंजा नावाच्या दातेरी हत्याराने तो असा ठोकून बसवतात की ताणा त्याच्याआड लपूनच जातो. तुम्हाला दिसणारे रंगीत पट्टे सगळे बाण्याचेच. अकोला जिल्ह्यातलं अकोट अशा सतरंज्यांसाठी प्रसिद्ध आहे.

घोंगडीतही ताणा-बाणाच, फक्त धागा दख्खनी मेंढीच्या लोकरीचा. लोकर भरड, अंगाला टोचते. मेंढीच काळी असली की रंगवायची कटकट नाही. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात, तीही चिंचोक्यांची! चिंचा खाऊन फेकता ना, तेच चिंचोके.

आता मांडवातलं ते लाल कार्पेट. त्यात ताणा शोधा. सापडला? नाही ना? बाणाही सापडणार नाही, कारण त्यात धागाच नसतो. कृत्रिम तंतूंचा जाड थर पसरतात आणि त्यावर असंख्य सुया धडाधड खाली-वर आपटतात. सुयांना बारीक खाचा असतात. त्या तंतूंना ओढून एकमेकांत अडकवतात. विणकाम शून्य, नुसता गुंता! मला काही ते कार्पेट आवडत नाही, पण युक्ती मात्र भन्नाट.

मग गालिचा कशाला म्हणायचं? त्यातही ताणा-बाणा असतोच, शिवाय असतात गाठी. विणकर लोकरीचा छोटा तुकडा ताण्याच्या शेजारशेजारच्या दोन धाग्यांना गुंडाळतो आणि दोन्ही टोकं पुढे काढून कापतो. मग पुढची गाठ, मग त्याच्या पुढची. एक ओळ झाली की बाणा घालून पंजाने ठोकायचं आणि नवी ओळ सुरू. कापलेली टोकं ज्वारी काढल्यावर शेतात उरलेल्या धसकटांसारखी दाटीनं उभी राहतात. पायाला मऊ लागते ती हीच लव. तुर्की गाठ दोन्ही धाग्यांना वेढते, तर इराणी गाठ एकाला पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते.

आणि नक्षी? काश्मीरमध्ये ती चक्क लिपीत लिहितात. तिला तालीम म्हणतात. कुठल्या रंगाच्या किती गाठी, हे त्यावरून एकजण मोठ्याने वाचतो आणि विणकर तशा गाठी मारत जातात.

१९४९ साली सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात, पाझिरिक इथल्या एका थडग्यात, बर्फात गोठलेला गालिचा सापडला. वय सुमारे अडीच हजार वर्षं! लांबी-रुंदी दोन मीटरच्या आसपास, पण एका चौरस सेंटिमीटरमध्ये जवळपास ३६ गाठी. एकूण झाल्या साधारण साडेबारा लाख. एका माणसानं मिनिटाला १० गाठी मारल्या आणि रोज ८ तास काम केलं, तर किती दिवस लागतील? करा हिशेब. माझं उत्तर २६० आलं, तेही एकही सुट्टी न घेता!

बाजारात मात्र आणखी एक फसवा प्रकार मिळतो. ताणलेल्या कापडात यंत्राच्या सुईने धागे खुपसतात, मागून रबरी डिंक थापतात आणि वर दुसरं कापड चिकटवतात. याला टफ्टेड म्हणतात. धाग्यांचे फासे तसेच ठेवले तर लूप, कापले तर कट पाइल. वरून अगदी गालिचाच वाटतो! पण त्यात एकही गाठ नसते आणि काही वर्षांनी डिंक वाळून त्याचा भुगा पडू लागतो. तेव्हा दुकानदार "हा हातानं गाठी मारलेला आहे हो" म्हणाला, तर बिनधास्त सांगा, "काका, जरा उलटा करून दाखवा." मागे गाठी आणि नक्षी दिसली तर खरा. कापड चिकटवलेलं दिसलं, तर गाठींचे पैसे देऊ नका.