ओबोची पत्ती : आखूड तासणी की लांब?

सनईच्या तोंडाशी असते तशीच दुहेरी पत्ती युरोपातील ओबो या सुषिर वाद्यालाही असते. मैफल सुरू होण्यापूर्वी सारा वाद्यवृंद बहुधा ओबोच्या स्वराला आपली वाद्ये मिळवून घेतो. म्हणजे पन्नास-साठ वादकांचा सूर एका चिमुकल्या पत्तीवर टेकलेला असतो म्हणा ना!

ही पत्ती पुष्कळसे वादक स्वतःच करतात. दक्षिण फ्रान्समधील बोरूसारख्या पोकळ गवताचा १०-११ मिलिमीटर जाडीचा दांडा उभा चिरायचा, आतून सुमारे ०.६ मिलिमीटर जाडी राहीपर्यंत कोरायचा, दुमडून धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधायचा आणि दुमड कापून टाकायची. मग चाकू हाती घ्यायचा. खरा प्रश्न येथेच उभा राहतो: साल किती काढावी?

युरोपात ती टोकापासून साधारण १०-१२ मिलिमीटरच काढतात. ही आखूड तासणी. अमेरिकेत ती दोऱ्याच्या जवळपास पोहोचते, मात्र मधला कणा आणि दोन्ही कडा राखतात. ही लांब तासणी रुजवली मार्सेल ताब्युतो या फ्रेंच माणसाने. १९१५ ते १९५४ तो फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादक होता आणि तेथील कर्टिस संस्थेत शिकवीत असे. मागची साल गेली की पत्तीचा तो भागही कंप पावू लागतो, नाद गडद होतो. पण पत्ती दुबळी होऊन सूर उतरू पाहतो. म्हणून टोकामागचा गाभा जाड ठेवून तोल सावरावा लागतो. आखूड तासणीत ही कसरत कमी. पत्ती लवकर तयार होते, आणि नाद घडविण्याचे काम अधिक करून ओठांवर व श्वासावर पडते.

मग नवशिक्याने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: गुरूची तासणी तीच आपली. कोरण्याची जाडी, नळी, ओठांची ठेवण ही सारी त्या तासणीबरोबर येतात. अर्धी ही, अर्धी ती अशी खिचडी केली, तर बिघाड कोठे आहे हेच कळेनासे होते, आणि पत्ती थोड्याच दिवसांची सोबतीण असल्याने घोळ पुन्हापुन्हा होत राहतो.

चाकूचे दोन-चार हात फिरले की पत्ती नुसतीच तोंडात धरून फुंकावी. लांब तासणीचे वादक त्या चिरक्या आवाजात एकाच स्वराची दोन सप्तके ऐकू येतात का ते पाहतात. आवाज खाली घसरला असेल, तर टोकाचा केसभर भाग कापून पुन्हा फुंकतात.