रोजची वाढ थांबते तेव्हा

जैन शास्त्रांत शरीराच्या अस्थिबंधांची सहा संहनने वर्णिलेली आहेत. त्यांतील पहिले, वज्रवृषभनाराच, सर्वांत दृढ. मोक्षगामी जीवासाठी तेच आवश्यक मानलेले आहे. म्हणजे दृढ शरीर ही आपल्या परंपरेला परकी कल्पना नव्हे. आज आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण-तरुणी आणि चाळिशी ओलांडलेले दुकानदारही जिममध्ये बार उचलू लागले आहेत, ही म्हणूनच आनंदाची गोष्ट होय. परंतु काही महिन्यांनी बहुतेकांचे वजन वाढेनासे होते. मग कुणीतरी सांगतो, ‘अंडी खाल्ल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.’ काही जण व्यायामच सोडतात, काही हट्टाने वजन चढवून कंबर दुखावून घेतात, तर काही घरात न सांगता अंडी सुरू करतात. या तिन्हींची गरज नसते. प्रत्यक्षात काय घडले आहे, एवढे समजून घ्यावे लागते.

नवशिक्याचे शरीर एका व्यायामाचा ताण दोन दिवसांत भरून काढते. म्हणून आठवड्यातून तीनदा स्क्वॅटचे पाच-पाच आवर्तनांचे तीन सेट केले, तर दर खेपेला अडीच किलो वाढवता येतात. सुरुवातीची ही वाढ बरीचशी मज्जासंस्था हालचाल शिकल्यामुळे होते. स्नायू मागाहून भरतात. पुढे वजन जड झाले, की एका दिवसाचा ताण अठ्ठेचाळीस तासांत भरून निघत नाही. शरीर दुबळे झालेले नसते. उधारी वसूल होण्याची मुदत तेवढी लांबलेली असते.

तरीही पहिल्याच अडथळ्याला स्वतःस मध्यम पायरीचा समजू नये. आधी तीन गोष्टी तपासाव्यात. झोप सात-आठ तास होते का? आहार पुरेसा आहे का? वाढीचा टप्पा फार मोठा तर नाही? डोक्यावर बार ढकलण्याच्या प्रेसमध्ये अडीच किलोही पुष्कळ होतात. तेथे अर्ध्या किलोच्या प्लेटा वापराव्यात. हे सुधारून वजन दहा टक्के उतरवावे आणि पुन्हा चढावे. दोन-तीन प्रयत्नांनंतरही त्याच ठिकाणी अडले, तरच हिशेब दिवसाऐवजी आठवड्याचा करावा.

अमेरिकन प्रशिक्षक बिल स्टार यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जड, हलका आणि मध्यम अशा दिवसांची विभागणी मांडली. पुढे रूढ झालेली ‘टेक्सास पद्धत’ त्याच विचाराची. समजा, पाच आवर्तनांसाठी तुमचा स्क्वॅट 80 किलोवर अडला आहे. सोमवारी 72.5 किलोचे पाच आवर्तनांचे पाच सेट करावेत. एकूण उचल 1812.5 किलो होते. बुधवारी 57.5 किलोचे केवळ दोन सेट, तेही अंग मोकळे राहावे म्हणून. शुक्रवारी 82.5 किलोचा एकच सेट. सोमवार ताण देतो, बुधवार विश्रांती देतो आणि शुक्रवारी फळ दिसते. बुधवारी उत्साहाने वजन वाढवणारा माणूस शुक्रवारची पुंजी आधीच खर्च करतो.

छोट्या वाढीला कमी लेखू नये. सांगलीत वडिलांच्या पानाच्या दुकानावर हातभार लावणारा संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक विजेता ठरला. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले, आणि त्याच स्पर्धेत त्याच्या कोपरालाही दुखापत झाली. किलोचे मोल आणि सांध्याचे मोल, दोन्ही त्या एका दिवसात दिसले.

आता आहार. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. साठ किलोच्या व्यक्तीला ती 96 ग्रॅम होतात. अर्धा लिटर दुधातून 16, शंभर ग्रॅम पनीरमधून 18, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीतून 23, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून 12, पाव किलो दह्यातून 8 आणि दीडशे ग्रॅम गव्हाच्या पिठातून 17 ग्रॅम मिळतात. बेरीज 94. अंड्यावाचून, कंदमुळावाचून हिशेब जुळला. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी कच्चे दही डाळीबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावे. पावडर घ्यायचीच असेल, तर व्हे बनवताना प्राणिज रेनेट वापरले आहे का, आणि कॅप्सूल जिलेटिनची आहे का, हे विचारून घ्यावे. बी-12 ची तपासणी वर्षातून एकदा अवश्य करावी.

चौविहार पाळणाऱ्याने दुकान बंद करून रात्री जिमला गेल्यास नंतर पोटात काही जात नाही. त्यापेक्षा नवकारशी पारून दूध-खजूर घ्यावे, पाऊण तासाने व्यायाम करावा आणि भोजन करून दुकान उघडावे. सकाळची ही सोय बहुतेक व्यापाऱ्यांना साधते.

पर्युषणात किंवा दशलक्षणात उपवास करणाऱ्यांनी जड वजनाला हात लावू नये. निर्जळ उपवासात तर मुळीच नाही. आधीचे तीन-चार आठवडे वाढीसाठी वापरावेत आणि पर्वाला विश्रांतीचा काळ मानावे. अठाईसारख्या दीर्घ तपानंतर पारण्याचे पहिले दिवस हलका आहारच घ्यावा. बारकडे परतताना वजन वीस टक्के कमी ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत गेलेली ताकद बहुधा परत येते. रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय यात पडू नये.

व्यायामाची एक वही ठेवावी. तारीख, वजन, सेट, झोप आणि उपवास, एवढ्या नोंदी पुरेत. आपल्या घरांत रोजमेळ लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. एका दिवसाच्या गल्ल्यावरून पेढीची स्थिती कोणी ठरवत नाही. तशीच आपल्या ताकदीची पारख महिन्याच्या बेरजेवरून करावी.