घरांतला कलह : विलायतेंतील मजूर पक्ष व ज्यूद्वेषाचा आरोप

विलायतेंतील मजूर पक्षाचें नांव आमच्या वाचकांच्या घरांत नवें नाहीं. १९४५ च्या निवडणुकींत ॲटली यांच्या नेतृत्वाखालीं तो पक्ष अधिकारारूढ झाला आणि त्याच्याच कारकीर्दींत हिंदुस्थानास स्वातंत्र्य मिळालें. तेव्हां दुर्बळांचा कैवार घेणारा पक्ष अशी त्याची प्रतिमा आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत आजोबांच्या पिढीपासून चालत आलेली आहे. त्याच पक्षावर २०१५ पासून पुढें पांच वर्षें ज्यू लोकांच्या द्वेषाचा आरोप व्हावा, आणि तोहि केवळ प्रतिपक्षाकडून नव्हे तर त्याच्या स्वतःच्या ज्यू सभासदांकडून व्हावा, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. वर्तमानपत्रांतून हें प्रकरण तुटक तुटक आलें. त्याची संगति लावून तें वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

मराठी माणसास ज्यूद्वेष म्हणजे काय हें अनुभवानें ठाऊक नाहीं. कोंकणांत शतकानुशतकें राहिलेले बेने इस्रायली लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून आपण त्यांस 'शनिवार तेली' म्हटलें, आणि त्यापलीकडे त्यांच्याविषयीं फारसा विचार केला नाहीं. त्यांची भाषा मराठी, आडनांवें पेणकर, केहिमकर अशीं गांवांवरून पडलेलीं, त्यांच्यांतील डॉ. ई. मोझेस हे १९३७ सालीं मुंबईचे महापौरहि झाले. युरोपांतील कथा अगदीं निराळी. तेथें ह्या द्वेषाचा एक विशेष असा आहे कीं, इतर जातिद्वेषांत द्वेष्टा समोरच्यास हीन लेखतो, तर येथें तो त्यास अदृश्य व सर्वसमर्थ समजतो. पेढ्या त्याच्या, वर्तमानपत्रें त्याचीं, लढाया तोच लावून देतो, असें हें भूत आहे. त्यामुळें जन्मभर भांडवलशाहीविरुद्ध बोलणारा मनुष्य, स्वतःस द्वेषरहित समजत असतांहि, 'भांडवल अमक्या जातीच्या हातीं आहे' ह्या पायरीवर नकळत येऊन पोंचतो. 'मूर्खांचा समाजवाद' ही जर्मन समाजवादी बेबेल ह्याच्या नांवावर सांगितली जाणारी उक्ति ह्याच घसरणीविषयीं आहे. हॉब्सन ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें बोअर युद्धाचें खापर बऱ्याच अंशीं ज्यू सावकारांवर फोडलें होतें. साम्राज्यशाहीवरील त्याच्या १९०२ च्या प्रसिद्ध ग्रंथांतहि तो सूर आहे. त्या ग्रंथाच्या २०११ मधील आवृत्तीस ज्यांनीं प्रस्तावना लिहिली आणि तींत ह्या दोषाचा उल्लेख केला नाहीं, ते जेरेमी कॉर्बिन हेच पुढें मजूर पक्षाचे नेते झाले, आणि २०१९ मध्यें त्या प्रस्तावनेवरून एक वादळ उठलें.

असें असलें तरी ज्यू समाजास हा पक्ष परका कधींच नव्हता. रशियांतील छळास कंटाळून लंडनच्या पूर्वभागांत येऊन राहिलेला ज्यू शिंपी व कारागीर वर्ग ह्याच पक्षाच्या आश्रयाखालीं वाढला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजीं मोस्लेच्या काळ्या डगलेवाल्यांची मिरवणूक केबल स्ट्रीटवर अडविली गेली तेव्हां ज्यू, आयरिश गोदीकामगार व डावे कार्यकर्ते खांद्यास खांदा लावून उभे होते. 'पोआले झायन' ही ज्यू कामगारांची संस्था १९२० मध्येंच पक्षास जोडली गेली. २००४ पासून तिचें नांव 'ज्यूइश लेबर मूव्हमेंट' असें आहे. ॲटलींच्या मंत्रिमंडळांतील शिनवेल ज्यू होते, आणि १९४५ सालीं पक्षाचे अध्यक्ष असलेले प्रोफेसर लास्की, ज्यांची व्याख्यानें ऐकून कितीतरी हिंदी तरुण समाजवादी होऊन परतले, तेहि ज्यू होते. पॅलेस्टाइनविषयीं तर पक्षाचें १९४४ चें धोरण झायनवादी पुढाऱ्यांच्याहि एक पाऊल पुढें होतें.

पुढें काळ पालटला. १९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक व गाझा हे प्रदेश इस्रायलच्या ताब्यांत गेले, आणि डाव्या तरुणांच्या दृष्टीनें पॅलेस्टाइनचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नाच्या पंक्तीस बसला. कॉर्बिन हे ह्याच पिढीचे. १९८३ पासून ते उत्तर इझलिंग्टनचे प्रतिनिधि. पक्षाच्या मागच्या बांकावर बसून वर्णद्वेषाविरुद्ध व पॅलेस्टिनी लोकांच्या बाजूनें बोलण्यांत त्यांचें आयुष्य गेलेलें. सप्टेंबर २०१५ मध्यें ते मोठ्या बहुमतानें नेते निवडून आले तेव्हां त्यांचे पाठीराखेहि चकित झाले. सुमारें दोन लाख सभासदांचा पक्ष वर्षभरांत पांच लाखांच्या वर गेला. परंतु पार्लमेंटांतील त्यांच्या सहकाऱ्यांस ते मुळींच नको होते. जून २०१६ मध्यें १७२ सभासदांनीं त्यांच्यावर अविश्वास प्रकट केला व अवघ्या ४० जणांनीं विश्वास. ही दुफळी ध्यानांत ठेवल्याशिवाय पुढचें कांहींच उलगडत नाहीं. कारण ज्यूद्वेषाची प्रत्येक तक्रार ह्या दोन छावण्यांच्या मधोमध येऊन पडत गेली.

पहिला स्फोट एप्रिल २०१६ मध्यें झाला. ब्रॅडफर्डच्या प्रतिनिधि नाझ शहाबाई ह्यांनीं, पार्लमेंटांत येण्यापूर्वीं, इस्रायल देश उचलून अमेरिकेंत नेऊन ठेवावा अशा अर्थाचें एक चित्र फेसबुकवर प्रसृत केलें होतें, तें उजेडांत आलें. त्यांनीं कॉमन्स सभेंत उभें राहून निःसंदिग्ध क्षमा मागितली, ज्यू मंडळींत जाऊन त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि पुढें त्यांच्याविषयीं फारसें किल्मिष उरलें नाहीं. त्यांच्या बचावास धांवून आलेले लंडनचे माजी महापौर केन लिव्हिंगस्टन ह्यांची गोष्ट मात्र उलट झाली. हिटलर प्रथम झायनवादास पाठिंबा देत होता, असें विधान त्यांनीं रेडिओवर केलें. ह्या विधानामागें इतिहासाचा एक तुकडा आहे. ऑगस्ट १९३३ मध्यें जर्मन सरकार व झायनवादी संस्था ह्यांच्यांत एक करार झाला, त्यान्वयें जर्मनी सोडून पॅलेस्टाइनला जाणाऱ्या ज्यूंस आपल्या मालमत्तेचा कांहीं भाग जर्मन मालाच्या रूपानें परत मिळे. परंतु घरास आग लावणारानें दाराची एक फळी उघडी ठेवली म्हणून त्यास घरमालकाचा साह्यकर्ता म्हणावें, हा कोणता न्याय? लिव्हिंगस्टन ह्यांस पक्षांतून निलंबित करण्यांत आलें. ते शेवटपर्यंत आपलें विधान मागें घेईनात. दोन वर्षें त्यांस पक्षानें ना काढलें ना घेतलें, आणि मे २०१८ मध्यें ते स्वतःच राजीनामा देऊन मोकळे झाले.

कॉर्बिन ह्यांनीं शमी चक्रवर्ती ह्या नामांकित कायदेपंडित बाईंस चौकशीस नेमलें. जून २०१६ च्या अखेरीस त्यांचा अहवाल आला. पक्ष ज्यूद्वेषानें ग्रासलेला नाहीं, परंतु अधूनमधून वातावरण विषारी होतें, असा त्याचा निष्कर्ष. निष्कर्ष वाजवीहि असेल. परंतु अहवाल प्रसिद्ध करण्याच्या सभेंतच एका कार्यकर्त्यानें रूथ स्मीथ ह्या ज्यू प्रतिनिधीवर प्रतिपक्षाच्या वर्तमानपत्राशीं संगनमत केल्याचा आरोप केला व त्या डोळे पुशीत बाहेर पडल्या. पुढें थोड्याच आठवड्यांत चक्रवर्तीबाईंस लॉर्डांच्या सभेंत जागा मिळाली, तीहि कॉर्बिन ह्यांच्याच शिफारशीनें. मग अहवालाच्या निःपक्षपातीपणाची कोण ग्वाही देणार?

मार्च २०१८ मध्यें एक जुनें प्रकरण वर आलें. पूर्व लंडनमधील एका भिंतीवर २०१२ सालीं रंगविलेल्या चित्रांत कांहीं सावकार उघड्यावाघड्या माणसांच्या पाठीवर पट मांडून खेळत बसले होते, आणि त्यांतील कित्येकांचीं नाकें व चेहरे जुन्या ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांतून उचललेले दिसत. तें पुसण्याचें ठरलें तेव्हां कॉर्बिन ह्यांनीं चित्रकारास सहानुभूतीचे चार शब्द लिहिले होते. आपण चित्र नीट पाहिलें नव्हतें, असें त्यांनीं आतां सांगितलें. त्याच महिन्यांत ज्यू संस्थांनीं पार्लमेंटसमोरील चौकांत 'आतां पुरे झालें' अशी हांक देऊन निदर्शनें केलीं. समोरच 'ज्यूइश व्हॉइस फॉर लेबर' ह्या कॉर्बिनपक्षीय ज्यू मंडळीनें प्रतिनिदर्शनें केलीं. म्हणजे ज्यूंच्या नांवानें बोलणारे ज्यूच दोन्ही बाजूंस उभे होते.

त्या उन्हाळ्यांतील भांडण व्याख्येवरून पेटलें. होलोकॉस्टची स्मृति जतन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१६ मध्यें ज्यूद्वेषाची एक व्याख्या स्वीकारली होती व तिच्यासोबत ११ उदाहरणें दिलीं होतीं. मजूर पक्षाच्या कार्यकारिणीनें व्याख्या घेतली, पण चार उदाहरणें गाळलीं वा बदललीं. त्यांत मुख्य वादाचें उदाहरण असें : इस्रायल राष्ट्राचें अस्तित्वच वर्णद्वेषी आहे असें म्हणणें. ज्याचें घरदार १९४८ मध्यें गेलें त्या पॅलेस्टिनी मनुष्यानें मग आपली कर्मकथा कोणत्या शब्दांत सांगावी, असा गाळणारांचा प्रश्न होता. तो प्रश्न पोकळ नव्हता. ज्या केनेथ स्टर्न ह्यांनीं ह्या मसुद्याची मूळ जुळणी केली, त्यांनींच पुढें विद्यापीठांत तिचा वापर बोलणाऱ्याचें तोंड बंद करण्यासाठीं होतो म्हणून हरकत घेतली आहे. परंतु ज्यू समाजाच्या बहुतेक संस्थांनीं मान्य केलेली व्याख्या, ज्यूंस न विचारतां, ह्याच पक्षानें कातरावी ह्याचाहि अर्थ लोक लावणारच. मार्गारेट हॉज ह्या ज्येष्ठ प्रतिनिधि कॉर्बिन ह्यांस पार्लमेंटांत गांठून तोंडावर ज्यूद्वेष्टा म्हणाल्या. एरवीं एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या तीन ज्यू साप्ताहिकांनीं एकाच दिवशीं एकच मुखपृष्ठ छापलें. ४ सप्टेंबर रोजीं कार्यकारिणीनें सर्व ११ उदाहरणें स्वीकारलीं आणि भाषणस्वातंत्र्याविषयीं एक पुरवणी जोडली. ज्यास जें मिळालें त्यानें कोणाचेंच समाधान झालें नाहीं.

ह्या सगळ्या गदारोळांत प्रत्यक्ष दोषी किती? फेब्रुवारी २०१९ मध्यें पक्षानें स्वतः आंकडे जाहीर केले : एप्रिल २०१८ पासून दहा महिन्यांत सभासदांविरुद्ध ६७३ तक्रारी, ९६ निलंबित, १२ बडतर्फ. पांच लाखांच्या पक्षांत हा वांटा एक टक्क्याच्या दशांशाहून किंचित् अधिक, एवढाच. उलट त्याच वर्षीं एका पाहणींत लोकांस विचारलें असतां, सरासरी ३४ टक्के सभासदांवर तक्रारी आहेत, अशी त्यांची समजूत आढळली. हा आंकडा पाहून कॉर्बिनपक्षीय म्हणत, सारें कुभांड आहे. आमच्या मतें चूक होती ती येथेंच. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें समजाविण्याची गरज नाहीं. धाकट्या सुनेनें गाऱ्हाणें सांगितलें कीं 'हें तुला माहेरच्यांनीं शिकविलें' असें म्हणणारे वडीलधारे पुष्कळ घरांत असतात. शेजारच्या वैऱ्यानें त्या गाऱ्हाण्याचा डांगोरा पिटला हें खरेंच असतें. त्याला सुनेचा कळवळा नसतो हेंहि खरें. म्हणून गाऱ्हाणें खोटें ठरत नाहीं. तिनें तें कोणापुढें नेलें ह्याचा खल होतो, आणि तिला काय झालें हें विचारायचें राहून जातें.

लिव्हरपूलच्या प्रतिनिधि लुसियाना बर्जर ह्यांस २०१८ च्या अधिवेशनांत पोलिसांच्या पहाऱ्यांत वावरावें लागलें. त्यांस धमक्या देऊन शिक्षा भोगलेले बहुतेक कडवे उजवे होते हें नमूद केलें पाहिजे. तथापि आपल्याच पक्षांत आपल्यास आधार उरला नाहीं, असें सांगून १८ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्या आणखी सहा प्रतिनिधींसह बाहेर पडल्या. तेव्हां त्यांचे दिवस भरत आले होते. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत समानता व मानवी हक्क आयोगानें पक्षाची रीतसर चौकशी सुरू केली. हा आयोग मजूर सरकारनेंच २००६ च्या कायद्यानें निर्माण केलेला, आणि त्यापूर्वीं त्यानें कारवाईचा बडगा उगारला होता तो ब्रिटिश नॅशनल पार्टी ह्या उघड वर्णद्वेषी पक्षावर. डिसेंबरच्या निवडणुकींत मजूर पक्षास २०२ जागा मिळाल्या. १९३५ नंतर एवढ्या कमी कधीं मिळाल्या नव्हत्या. ब्रेक्झिटचा गोंधळ हें त्याचें मोठें कारण होतें. ज्यूद्वेषाचा वाद हें एक होतें.

आयोगाचा अहवाल २९ ऑक्टोबर २०२० रोजीं आला. तोंपर्यंत कायर स्टार्मर नेते झाले होते. तक्रारींच्या चौकशींत राजकीय ढवळाढवळ, चौकशी करणारांस शिक्षण न देणें, आणि पक्षाच्या दोन प्रतिनिधींकरवीं झालेला छळ, अशीं बेकायदेशीर कृत्यें पक्षाकडून घडलीं असा निर्णय त्यानें दिला. तपासलेल्या ७० प्रकरणांपैकीं २३ मध्यें नेत्याच्या कचेरीचा वा इतरांचा अनुचित हात आढळला. त्या दिवशीं कॉर्बिन ह्यांनीं काढलेल्या पत्रकांत एक ज्यूद्वेष्टाहि नको असें वाक्य होतें. परंतु प्रकरणाचें प्रमाण विरोधकांनीं राजकीय हेतूनें फुगविलें, असेंहि होतें. दुसरें वाक्य खोटें म्हणतां येणार नाहीं. त्या दिवशीं तें उच्चारण्याची गरज नव्हती. कांहीं तासांतच ते निलंबित झाले. तीन आठवड्यांत सभासदत्व परत मिळालें, पण पार्लमेंटरी पक्षांत त्यांस पुन्हां घेण्यांत आलें नाहीं.

मार्टिन फोर्ड ह्या बॅरिस्टरांचा २०२२ चा अहवाल ह्यापेक्षां कमी वाचला गेला, ही खेदाची गोष्ट आहे. ज्यूद्वेषाच्या प्रश्नाचा दोन्ही गटांनीं एकमेकांविरुद्ध शस्त्रासारखा उपयोग केला, असें त्यांनीं साफ लिहिलें. आणि ज्यूद्वेषाकडे लक्ष गेलें तेवढें काळ्या व मुसलमान सभासदांच्या तक्रारींकडे गेलें नाहीं, अशी त्या सभासदांची भावनाहि नोंदविली. नव्या राजवटींत शिस्तीचा चाबूक एवढा फिरला कीं, ज्यूद्वेषाच्या आरोपाखालीं नोटिसा मिळालेल्यांत डाव्या मताचे कित्येक ज्यू सभासदहि होते.

फेब्रुवारी २०२३ मध्यें आयोगानें पक्षावरील देखरेख उठविली. लुईस एलमन व बर्जर ह्या दोघी बाई पक्षांत परत आल्या. कॉर्बिन ह्यांस उमेदवारी द्यावयाची नाहीं असा ठराव झाला. ४ जुलै २०२४ रोजीं स्टार्मर ह्यांनीं मोठें बहुमत मिळविलें त्याच दिवशीं कॉर्बिन उत्तर इझलिंग्टनमधून अपक्ष म्हणून उभे राहिले आणि आपल्या जुन्या पक्षाच्या उमेदवारापेक्षां सात हजारांहून अधिक मतें घेऊन निवडून आले.