पैसे येताना पिन लागतो का?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा माण तालुक्यातल्या अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता. विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवरही चालणाऱ्या कॉन्फरन्स कॉलवरून मुलांना शिकवायला सुरुवात केली. इंटरनेट नाही, जाहिरात नाही, अनोळखी माणूस मध्येच डोकावण्याची सोय नाही. पुढे शाळा उघडल्या. पण तोवर ज्या घरांत अभ्यासाच्या निमित्ताने स्मार्टफोन आला होता, तिथे तो मुलांच्या हातातून काही परत गेला नाही.

हा फोन मुलाचा नसतो, घराचा असतो. सुरक्षिततेचे धडे देताना नेमके हेच विसरले जाते. माणदेशात कुणाचे वडील मुंबईत, कुणाचे गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात. मेंढपाळ कुटुंब चाऱ्यामागे रानोमाळ. घरी आई, आजी आणि एक फोन. त्यावरच पैसे येतात, त्यावरच बँकेचा ओटीपी येतो आणि त्यावरच दुसरीतली पोर गेम खेळते. आजीला मेसेज वाचून दाखवणारीही तीच. तिला ‘तुझा पासवर्ड कुणाला सांगू नकोस’ एवढेच सांगून काय उपयोग? तिचा पासवर्डच नसतो.

या बाबतीत म्हसवडच्या बायका पुष्कळ पुढे आहेत. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये तिथे माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेने पिन असलेले कार्ड देऊ केले, तेव्हा सभासद बायकांनी ते नको म्हटले, असे सिन्हा यांनी २०१८ मधल्या एका भाषणात सांगितले आहे. पिन कुणीही काढून घेईल, अंगठा कसा चोरणार, असा त्यांचा सवाल होता. धोका बाहेरच्या चोराकडूनच येतो असे नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. मुलांना मात्र आपण अजूनही फक्त ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ एवढेच शिकवतो. नको ते चित्र दाखवणारा किंवा फोटो मागणारा अनेकदा ओळखीचाच निघतो.

‘सावध राहा’ या शब्दांत आणखी एक अडचण आहे. समोरचा आपल्याला भुलवतो आहे, हे ओळखण्याची कुवत मुलांत हळूहळू येते. जाहिरातीमागचा हेतू साधारण सात-आठ वर्षांच्या आधी बहुतेक मुलांना नीट उमगत नाही. ‘तुम्ही बक्षीस जिंकलात’ असे लिहून आले की पहिलीतल्या मुलाला ते खरेच वाटते. त्यात त्याचा हूडपणा नाही. या वयाला उपदेशापेक्षा ठोस गोष्ट लागते: पैशाचा आकडा दिसला की फोन मोठ्या माणसाकडे द्यायचा. फोटो कुणी मागितला की घरी सांगायचे.

संगणकाचा पहिला धडा तर संगणकाशिवायही होतो. न्यूझीलंडमधले प्राध्यापक टिम बेल आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून असे खेळ तयार करत आले आहेत. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांना सूचनांचा क्रम लावायला शिकवतात. ऑनलाइन काही खटकले तर मदत कुणाकडे मागायची, हेही त्याच अभ्यासक्रमात आहे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग येते ते सहावीच्या पुढे. तोवर दोनशिक्षकी शाळेतही भाकरीचा खेळ सहज घेता येईल. गुरुजी यंत्र, मुले सूचना देणार. ‘पीठ घ्या.’ किती? ‘पाणी घाला.’ कशात? ‘थापा.’ गुरुजी कोरडे पीठच थापतात आणि वर्ग हसतो. यंत्र आपल्या मनातले करत नाही, सांगितलेले करते, हे मुलांना तिथे कळते. चुकून दाबलेले बटणही यंत्राच्या लेखी हुकूमच असते.

आता कळीची बाब. पैसे गेले किंवा घाणेरडे काही दिसले आणि सांगितल्यावर मार बसला, तर पुढच्या वेळी मूल सांगत नाही. आर्थिक फसवणुकीत १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. घाबरून गप्प बसलेल्या मुलामुळे तोच वेळ जातो. मुलांवरच्या अत्याचारासाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवायला खडूशिवाय काही लागत नाही.

शाळांनी स्वतःकडेही पाहावे. मुलांचे नावानिशी फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकायचे आणि वर्गात ‘फोटो कुणाला देऊ नका’ म्हणायचे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे.

तिसरी-चौथीला या आठवड्याचा गृहपाठ देता येईल: घरातल्या प्रत्येकाला विचारा, यूपीआयवर पैसे येताना पिन टाकावा लागतो का? उत्तर ‘नाही’ असे आहे. तो पैसे पाठवताना लागतो. किती जणांचे उत्तर चुकले, ते वहीत लिहून आणायचे.