मोबाईल ॲपमधील मराठी मजकुरातून अनावश्यक चिन्हे वगळण्याचा प्रश्न

प्रस्तावना :
वारणा परिसरातील ऊस उत्पादकांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्पाद्वारे गावोगावी संगणक केंद्रे सुरू झाली. पुढे ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने ७ गावांत सुमारे ८ महिने संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांचा वापर केला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा व्यवस्थेत मोबाईलवरून आलेला मजकूर नोंदवहीत जाण्यापूर्वी स्वच्छ करावा लागतो. मराठी मजकुराच्या बाबतीत हे काम कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
‘स्ट्रिंग’ म्हणजे चिन्हांची क्रमवार मालिका होय. तीत जादा मोकळ्या जागा, विरामचिन्हे व अदृश्य चिन्हे शिरतात. ‘फक्त अक्षरे व अंक ठेवावेत, बाकी सर्व काढावे’ हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. रोमन लिपीतील साध्या मजकुराला तो बहुधा चालतो. देवनागरीला मात्र घातक ठरतो. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी व हलन्त यांची गणना ‘अक्षर’ या वर्गात होत नाही. ती ‘जोडचिन्हे’ मानली जातात. परिणामी या नियमाने ‘वारणा’ चे ‘वरण’ आणि ‘कोल्हापूर’ चे ‘कलहपर’ होते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र काही कळफलकांवर ‘झिरो विड्थ जॉइनर’ या अदृश्य चिन्हाच्या साहाय्याने लिहिला जातो. ते निरुपयोगी समजून काढल्यास ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातील दरीच्या जागी समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना’ व ‘आचार्यांना’ यांतील भेदही असाच पुसला जातो.

अंकांच्या बाबतीत तर थेट आर्थिक हानी संभवते. उसाचे वजन ‘१२.५० टन’ असे आले आणि टिंब वगळले गेले, तर नोंद १२५० टनांची होते.

उपाययोजना :
१) काय ठेवायचे याऐवजी नेमके काय काढायचे याची यादी करावी.
२) जावा भाषेतील ‘ट्रिम’ ही क्रिया न तुटणारी मोकळी जागा काढत नाही, ती स्वतंत्रपणे हाताळावी.
३) हलन्तानंतर आलेले अदृश्य जोडचिन्ह राखावे.
४) नाव व वजन या रकान्यांसाठी वेगळे नियम असावेत. वजनात देवनागरी व रोमन दोन्ही अंक स्वीकारावेत. अनपेक्षित चिन्ह आढळल्यास ते परस्पर न काढता मजकूर पुन्हा मागवावा.
५) मूळ मजकूर जतन करावा.

निष्कर्ष :
कोणतेही चिन्ह स्वभावतः अनावश्यक नसते. लिपी व रकाना यांवरून ते ठरते. एका नियमाने सर्व लिपींचा मजकूर स्वच्छ करू पाहणारी आज्ञावली शेतकऱ्याचे नाव व त्याच्या उसाचे वजन दोन्ही बिघडवू शकते, आणि देयकाचा आधार याच दोन नोंदी असतात.