वाचले, पण उमजले काय?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली होती. एक जुना कामगार अर्जावर सही करून आमच्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, जादा कामाच्या पैशांचा आपला दावा आहे ना, त्याचं आता पुढं काय?" आम्ही अर्जाची प्रत मागितली. तीत लिहिले होते की, माझी मागील सर्व येणी या रकमेत चुकती झाली असून कोणतीही मागणी शिल्लक नाही. ते वाक्य आम्ही त्याला मोठ्याने वाचावयास सांगितले. गडी सातवी शिकलेला. एका अक्षरालाही न अडखळता त्याने ते वाचले आणि म्हणाला, "हे वाचूनच तर सही केली की! पण यात दाव्याचं नाव कुठं आहे?"

नाव नव्हतेच. 'सर्व' या दोन अक्षरांत तो दावा बुडाला होता.

आम्ही स्वतः नववीतून शाळा सोडलेले. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचून. तेव्हा शिक्षकांना धडे देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु न समजता वाचण्याची किंमत माणसाला काय पडते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

1986 साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी ही गोष्ट एका साध्या गुणाकारात मांडली. छापलेली अक्षरे वाचता येणे ही एक संख्या. बोललेली भाषा समजणे ही दुसरी. दोहोंचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार! एक संख्या शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच.

आपल्याकडे पहिल्याच संख्येची ओढाताण आहे. 'असर' या पाहणीत 2022 साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे 43 मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. 2024 साली हा आकडा 49च्या आसपास गेला. ही झाली नुसत्या वाचण्याची मोजदाद. त्यांतल्या किती जणांना उमजले, हा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न शाळेच्या परीक्षेत सहसा उघडा पडत नाही. का, ते पाहा. 'टिंबू गोंदीत झुरला' हे वाक्य घ्या. याला काहीच अर्थ नाही. आम्हीच ते जुळविले आहे. आता विचारा, टिंबू कोठे झुरला? पोरगे सांगेल, गोंदीत. पैकीच्या पैकी गुण! आमच्या कामगाराने शाळेत अशीच उत्तरे लिहिली असणार.

मग शिक्षकाने करावे काय? पहिली अडचण वाचनाच्या सामग्रीची. पाठ्यपुस्तकातले धडे मुलांना पाठ झालेले असतात. समज पारखावयाची तर उतारा नवा हवा. ही अडचण आज पुष्कळ अंशी दूर झाली आहे, आणि तीही फुकटात. 'प्रथम बुक्स' या संस्थेने 2015 साली इंटरनेटवर 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचे भांडार खुले केले. त्यात मराठी गोष्टीही आहेत आणि त्यांच्या सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्या केलेल्या आहेत. त्या गोष्टींचा परवाना असा, की मूळ लेखक-चित्रकारांचे नाव देऊन त्या कोणीही छापाव्या, वाटाव्या, भाषांतरित कराव्या. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे 2017 साली सुरू झालेले व्यासपीठ आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की त्यावरचे साहित्य उघडते. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी अमेरिकेतील 'रीडवर्क्स' आणि 'कॉमनलिट' या संस्था उताऱ्यांबरोबर प्रश्नही तयार करून देतात. मात्र फुकट वाचावयास मिळाले म्हणजे छापून वाटण्याची मुभा मिळाली असे नव्हे. परवाना पाहून घ्यावा.

वर्गात चाळीस मुले आणि मोबाइल एकटा शिक्षकाचा, असे असले तरी अडत नाही. घरी गोष्ट उतरवून घ्यावी आणि दहाबारा ओळी फळ्यावर लिहाव्या. खरे काम त्यानंतरचे.

त्या कामाची एक परखलेली रीत आहे. 1984 साली आनमरी पालिन्सार आणि अ‍ॅन ब्राऊन यांनी ती सातवीच्या कच्च्या मुलांवर अजमावून मांडली. तीत चार गोष्टी करावयाच्या: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, मजकुरावर आपणच प्रश्न विचारणे, अडलेला शब्द किंवा वाक्य उलगडणे, आणि शेवटी सारांश आपल्या शब्दांत सांगणे. आरंभी हे शिक्षक करून दाखवितो. मग मुले पाळीपाळीने शिक्षक होतात. प्रश्न विचारणारा आता मास्तर नसतो, शेजारचा बंड्या असतो. 'सर्व येणी म्हणजे कोणकोणती रे?' असे विचारण्याची सवय आमच्या त्या कामगाराला सातवीत लागली असती तर!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1988 साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांहून सरस ठरली. तात्पर्य, जगाची माहिती हेही वाचनाचे भांडवल आहे. ज्याचा बाप गवंडी आहे, त्याला घर बांधण्यावरचा उतारा द्या. वर्गातला 'ढ' मुलगा त्या दिवशी इतरांना शिकवील. म्हणून उतारे गोष्टींचेच नकोत. नोटीस, विजेचे बिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, रेशनच्या दुकानाची पाटी, हेही फळ्यावर आले पाहिजे. यासाठी तर इंटरनेटही लागत नाही.

साधने फुकट आहेत. वेळ मात्र फुकट नाही. अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईत आणि शाळेबाहेरच्या कामांच्या ओझ्याखाली शिक्षकाला गोष्टीवर अर्धा तास बोलावयास फुरसत नसेल, तर भांडारे भरलेली राहतील आणि वर्ग उपाशी. हा वेळ मागणे हे पालकांचे काम आहे. शाळेच्या सभेत 'माझे मूल किती गुण घेते?' याच्या जोडीने 'वाचलेले त्याला सांगता येते का?' हेही विचारा. आणि आज रात्री घरी गेल्यावर आपल्याच मुलाला किंवा नातवाला चार ओळी वाचावयास देऊन पुस्तक मिटा व म्हणा, "आता तुझ्या शब्दांत सांग."

त्या कामगाराचा दावा आम्ही पुढे चालवून पाहिला. सही त्याचीच होती, वाचूनच केलेली होती. आमचे काही चालले नाही.